सुंदर म्हणजे कुठलं?

मी 'सुंदर' म्हणाले आणि खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

एवढंच घडलं. सिनसिनाटीतल्या आमच्या भागातल्या ग्रंथालयात महिन्यातून एका गुरुवारी आम्ही सात-आठ जण एखाद्या पुस्तकावर बोलायला जमतो. तळघरातली खोली, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि कोपऱ्यातलं कॉफीचं यंत्र मध्येच कुणी खाकरावं तसा आवाज काढतं. आधी प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, मग चर्चा, असा रिवाज. त्या महिन्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' ही कादंबरी होती. मी चार रात्री जागून ती संपवली होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, आणि पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, 'फार सुंदर आहे.' म्हणजे 'ब्यूटिफुल'. इथे हा शब्द हवेपासून केकपर्यंत कशालाही लावतात, त्यामुळे तो बहुधा जिभेच्या टोकाशी तयारच होता. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कृष्णवर्णीय, एका शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राबून निवृत्त झालेल्या, रहस्यकथांच्या नादी लागलेल्या, आणि ग्रंथालयाच्या कॉफीबद्दल दर महिन्याला न चुकता कुरकुरणाऱ्या. 'कुठलं?' त्यांनी विचारलं. 'कुठलं सुंदर आहे त्यातलं?' आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पेरूवाल्याला 'यातला गोड कुठला?' विचारावं इतकं साधं विचारलं. मी पानं चाळल्यासारखं केलं. मग म्हणाले, 'भाषा.' चार-पाच माना डोलल्या. बाईंची डोलली नाही. त्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि पाळी पुढच्याकडे गेली.

घरी येताना गाडीत मी तीन वेळा चांगलं उत्तर तयार केलं. तिन्ही खोटी होती.

हेच पुस्तक पुण्यात वाचलं असतं तर ते लांबच्या देशातलं पुस्तक राहिलं असतं. इथे ते उशाला घेऊन झोपायचं म्हणजे पंचाईत, कारण गोष्ट खिडकीबाहेरच असते. कादंबरीतलं ब्लूस्टोन रोडवरचं १२४ नंबरचं झपाटलेलं घर याच शहराच्या कडेला आहे. मध्ये ओहायो नदी. अलीकडे आम्ही, पलीकडे केंटकी. यादवी युद्ध संपेपर्यंत पलीकडच्या काठावर माणूस विकत घेता येत होता, अलीकडच्या काठावर येत नव्हता. रविवारी मी जुन्या झुलत्या पुलावरून चालत पलीकडे जाते, रमतगमत गेलं तरी पाव तास लागत नाही. मी वाईची. माझ्या डोक्यात नदी म्हणजे घाट, दगडी पायऱ्या, पाण्यात पाय सोडून बसलेल्या बायका. इथे पलीकडच्या काठावर पुराला अडवणारी उंच भिंत आहे आणि त्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवलेला आहे. त्यातल्या एका चित्रात एक कुटुंब गोठलेल्या नदीवरून चाललंय. जानेवारी १८५६ मधली ती रात्र. मार्गारेट गार्नर, तिचा नवरा, सासू-सासरे आणि चार मुलं, इतरांबरोबर एकूण सतरा जण केंटकीतून बर्फावरून चालत या काठावर आले. काही तासांतच मालक आणि सरकारी माणसं दारात उभी राहिली. मुलं परत जाऊ नयेत म्हणून मार्गारेटने हाताशी असलेल्या सुऱ्याने दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. बाकीच्यांना जखमी केलं, पण मारायच्या आत तिला धरलं.

त्यानंतर कोर्टात जे झालं ते मला त्या सुऱ्याइतकंच भयंकर वाटतं. तिला वाचवू बघणारे लोक म्हणत होते, हिच्यावर खुनाचा खटला भरा. कारण खुनी ठरायला आधी माणूस असावं लागतं. मालकाची बाजू म्हणत होती, ही मालमत्ता आहे, मालमत्ता परत करा. मालमत्ता परत केली गेली. दोन वर्षांनी मार्गारेट दक्षिणेत, मिसिसिपीत, विषमज्वराने गेली. मॉरिसन एका प्रकाशनसंस्थेत संपादक असताना तिच्या हाती या घटनेचं जुनं कात्रण लागलं. त्यावरून तिने ही १९८७ मध्ये आलेली कादंबरी लिहिली, पण खऱ्या मार्गारेटचं उरलेलं आयुष्य मुद्दाम फारसं खणलं नाही. तिची नायिका सेथही मुलीला मारते, पण पुढचं वेगळं आहे. सेथला परत नेलं जात नाही. ती इथेच, या काठावर, त्या घरात राहते, आणि मेलेली मुलगी तिच्याबरोबर राहते. आधी नुसतीच भांडी आपटणारी, आरसे फोडणारी, आणि मग एके दिवशी पाण्यातून चालत वर आलेली, कोऱ्या कातडीची, तहानलेली तरुण पोर.

आम्ही सगळ्यांनी हेच पुस्तक वाचलं होतं. तरी त्या संध्याकाळी टेबलावर सात निरनिराळी पुस्तकं आहेत असं वाटत होतं. आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर आहेत, या गावात जिकडेतिकडे सापडणाऱ्या जर्मन वंशाचे. ते चिडूनच आले होते. कोण बोलतंय, जिवंत बोलतंय की मेलेलं, कुठल्या सालातलं, हे कळायला पन्नास पानं लागावीत याचा त्यांना मनापासून संताप आला होता. 'मला सरळ सांगितलं असतं तर मी सरळ ऐकलं असतं,' असं म्हणून त्यांनी खिशातून आलेखाचा कागद काढला. पेन्सिलीने आखलेली रेघ. १८५५ साली सेथ पळाली. मग अठ्ठावीस दिवस मोकळे. मग लाकडांच्या खोपटातली ती घटना. मग अठरा वर्षांची रिकामी जागा, आणि १८७३, जिथे पुस्तक सुरू होतं. आम्ही सगळे कागदावर वाकलो. आणि मग जरा ओशाळत त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे घराचा नंबर लिहिला होता, आकडे सुटे सुटे करून. एक, दोन, चार. 'सेथला चार मुलं,' ते म्हणाले. 'तिसरं नाही.' मग ते खाली बसले आणि तासभर काही बोलले नाहीत. टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने मॉरिसनला विचारलं होतं म्हणे, की तुझी वाक्यं परत परत मागे जाऊन वाचावी लागतात असं लोक सांगतात का तुला? मॉरिसन म्हणाली, बाई गं, त्यालाच वाचणं म्हणतात. आमच्या इंजिनिअरकाकांनी शिव्या घालत घालत तेच केलं होतं.

सहा महिन्यांचं बाळ पोटाशी बांधून येणारी एक मुलगी आहे. ती खोपटापर्यंत आली आणि थांबली. पुस्तक घरात नको म्हणून तिने ते गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं होतं. आणायलाही विसरली, की आणलं नाही, कुणी विचारलं नाही. सेथने केलं ते चूक की बरोबर यावर बाकीचे हिरिरीने बोलत होते. ती बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवून ऐकत होती. मग म्हणाली, 'तुम्ही तिला माफ करायचं की नाही हे ठरवताय. मला भीती याची वाटली, की ती मला कळली.' बाळाने उचकी दिली. कुणीतरी हसलं, आणि बरं वाटलं.

आणि मग खिडकीजवळच्या बाई आणि पलीकडची तरुण कृष्णवर्णीय नर्स यांची जुंपली. मला उगाचच वाटत होतं, की या पुस्तकाच्या बाबतीत त्या दोघी एका बाजूला असतील आणि आम्ही उरलेले दुसऱ्या. बाईंनी ते १९८८ मध्येच हातात घेतलं होतं, अर्ध्यावर सोडलं होतं, आणि या खेपेलाही पुन्हा तिथेच सोडलं होतं. 'आयसिंग फार आहे,' त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं मुलांना वाढलेल्या बाईंची उपमा. 'माझी पणजी गुलामीत जन्मली. तिच्याबद्दल आमच्या घरात तीन वाक्यं आहेत. तीनच. ती मला पुरतात. ही मला तीनशे पानं देते आणि वर आयसिंग लावते.' नर्स म्हणाली, 'माझ्या घरात एकही वाक्य नाही. मला आयसिंगच हवं होतं.' नंतर बराच वेळ त्या दोघीच बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत, मध्येच हसत. आम्ही गोरे, आणि त्यांच्यात एक मी गव्हाळ, आपापल्या कपात बघत बसलो.

त्यांना ठाऊक नसेल, पण त्या जुनंच भांडण नव्याने भांडत होत्या. पुस्तक आलं तेव्हा स्टॅन्ली क्राउच नावाच्या कृष्णवर्णीय समीक्षकाने ते सोलून काढलं होतं. ज्यूंच्या संहारावरच्या कादंबऱ्यांचा साचा घेऊन त्याला काळं फासलंय, असा त्याचा सूर होता. दुःखाची सजावट केली, हा राग. आणि १९८८ च्या जानेवारीत अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुस्तक-पुरवणीत जाहीर पत्रक काढलं, की एवढ्या मोठ्या लेखिकेला नॅशनल बुक अवॉर्ड नाही, पुलित्झर नाही, हे कसं? त्याच वर्षी पुलित्झर मिळालं, त्यावर पुन्हा कुजबुज झाली. पुढे नोबेलच आलं आणि कुजबुज थांबली. निदान हळू झाली.

दुसरी गोष्ट व्हर्जिनियातली. तिथल्या एका आईने २०१३ च्या सुमाराला तक्रार केली, की बारावीतल्या माझ्या मुलाला शाळेने हे पुस्तक वाचायला लावलं आणि त्याला रात्री वाईट स्वप्नं पडली. प्रकरण वाढत वाढत विधिमंडळात गेलं. शाळेत असली पुस्तकं शिकवायच्या आधी पालकांना कळवा, असं विधेयक मंजूर झालं, ते गव्हर्नरने २०१६ मध्ये अडवलं, आणि २०२१ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत ती आई प्रचाराच्या जाहिरातीत दिसली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसले होते. एवढा मोठा घोडा आणि स्वप्नं कसली पडतात? आता हसू येत नाही. पुस्तकावर बंदी मागणाऱ्यांबद्दल मला तिळमात्र माया नाही, पण त्या पोराचा विचार मनातून जात नाही. त्याला 'भाषा' असं उत्तर सुचलं नव्हतं. तो सरळ घाबरला होता. लेखिकेला जे करायचं होतं ते त्या मुलाला नेमकं झालं, आणि मोठ्या माणसांनी मग त्याची झोप उचलून निवडणुकीत नेली.

मला झोप येत होती, हे इथे सांगून टाकते. चार रात्री जागले ती पुस्तक परत द्यायची तारीख जवळ आली म्हणून.

कादंबरीत सेथच्या पाठीवर एक झाड आहे. चाबकाच्या वळांचं. पळून जाताना रानात तिला एक गोरी पोर भेटते, स्वतःच उपाशी, फाटकी, लाल मखमल घ्यायला बॉस्टनला निघालेली. ती सेथची सोलवटलेली पाठ बघते आणि म्हणते, हे तर चोकचेरीचं झाड, हा बुंधा, या फांद्या, ही पानं, आणि हा बघ मोहोर. सेथने ते कधीच पाहिलेलं नाही. अठरा वर्षं ती दुसऱ्याचे शब्द पाठीवर वागवते. फळंही धरली असतील एव्हाना, असं म्हणते. मग पॉल डी येतो, तिच्याच मळ्यावरचा जुना सोबती. ती चुलीपाशी उभी असताना तो तिच्या पाठीला गाल लावतो, फांदी न् फांदी ओठांनी चाचपतो. आणि थोड्याच वेळाने, वरच्या खोलीत सगळं आटपल्यावर, शेजारी पडून त्याच पाठीकडे बघतो, तर त्याला दिसतो व्रणांचा एक ओंगळ गोळा. झाड बिड काही नाही. झाडं कशी असतात ते त्याला माहीत आहे. एकच माणूस, एकच पाठ, मध्ये फार तर अर्धा तास. मी हे पान तीनदा वाचलं. बाईंनी 'कुठलं सुंदर?' विचारलं तेव्हा माझ्या मनात, खरं सांगायचं तर, हेच झाड होतं. आणि ते बोलायचं धाडस झालं नाही, कारण बोलायला तोंड उघडतानाच कळलं, की मी त्या उपाशी गोऱ्या पोरीच्या जागी उभी आहे. तिने निदान त्या पाठीला कोळिष्टकं लावून रक्त थांबवलं होतं. पाय चोळून दिले होते.

चोकचेरी मला माहीत नव्हती. शोधली. रानात आपोआप येणारं, करवंदाएवढ्या फळांचं झुडूप. फळ इतकं तुरट की घसा धरतं, म्हणून ते नाव. कच्चं जांभूळ खाऊन जीभ जाड होते तसं असावं. मनातल्या मनात मराठी करायची खोड मला लहानपणापासून आहे. 'तुरटचेरी' केलं, हसले, सोडून दिलं. त्याहून अवघड सेथचा एक शब्द आहे, तिने स्वतः घडवलेला, 'रीमेमरी'. ती लेकीला सांगते, की आठवण डोक्यात नसते, जागेवर असते. घर जळून गेलं तरी ते जिथे होतं तिथे आहेच. तू तिथे गेलीस, नुसती उभी राहिलीस, तर तुझ्या जन्माआधीचं असलं तरी ते तुला गाठेल. इंजिनिअरकाकांना हे अजिबात पटलं नव्हतं. मला मात्र इथे अडखळायला झालं नाही. आमच्याकडे यालाच 'जागा बरी नाही' म्हणतात. तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नकोस, ती जागा धरते. काय झालं होतं तिथे, ते कुणी सांगत नाही.

सेथला पॉल डी विचारतो, चाबकाने मारलं तुला? ती म्हणते, आणि त्यांनी माझं दूध घेतलं. तो म्हणतो, पोटुशी असताना मारलं? ती म्हणते, आणि माझं दूध घेतलं! अंगावर पिणाऱ्या लेकीचं दूध, मळ्याचा कारभार बघणाऱ्याच्या पुतण्यांनी तिला खाली दाबून काढून घेतलेलं. तो झाडाबद्दल विचारतोय, ती दुधाबद्दल सांगतेय. समोरच्याला कुठे लागलंय हे ऐकणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

माझं 'भाषा' हे उत्तर कुठून आलं ते मला मागच्या महिन्यात भांडी विसळताना लख्ख आठवलं. शाळेत आम्हाला एका दलित आत्मकथनातला उतारा होता. प्रश्न असायचा, 'लेखकाच्या भाषेची वैशिष्ट्ये लिहा, गुण ५'. बोलीतला जिवंतपणा, रोखठोक निवेदन, छोटी वाक्यं, असं मी लिहिलं आणि मला चार मिळाले. एक शुद्धलेखनाचा गेला. उताऱ्यात मेलेल्या ढोराच्या मांसासाठी माणसं भांडत होती. घरीही ही पुस्तकं होती, ब्राऊन पेपरची कव्हरं घालून नीट लावलेली. विश्वकोशाच्या गावातलं वाचणारं घर आमचं. बाबा एकच शब्द वापरत, 'दाहक'. काकू दहा पानं वाचून ठेवून द्यायची आणि म्हणायची, 'मला नाही वाचवत बाई.' आम्ही पोरं काकूला हसायचो. हल्ली मला काकूचंच वाचन खरं वाटतं. पण लगेच असंही वाटतं, की न वाचवणं ही सुद्धा आमच्यासारख्यांचीच चैन. ज्याच्या घरात ते घडलं त्याला पुस्तक मिटून पोळ्या लाटायला कुठे जाता आलं? आणि मग बाई आठवतात, ज्यांच्या घरात ते घडलं आणि ज्या पुस्तक मिटतात. म्हणजे हाही हिशोब जुळत नाही.

१८७३ हा आकडा पुस्तकात दिसला तेव्हा मी चमकले होते. शाळेत घोकलेला. सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी', दोन्ही त्याच सालातली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, की तुम्ही निग्रो गुलामांना सोडवलंत, माझ्या देशबांधवांनीही तुमचा कित्ता गिरवून शूद्रांना सोडवावं. पुण्यात बसून ते आशेने इकडे बघत होते. आणि त्याच साली इकडे, कादंबरीतल्या या गावात, सेथच्या घरात भांडी आपटतायत. पुढच्याच वर्षी स्टॅम्प पेड नावाचा म्हातारा लिकिंग नदीत नाव बांधताना तळाशी काहीतरी लाल बघतो. पाखराचं पीस असेल म्हणून ओढून काढतो, तर लाल रिबीन निघते, ओल्या कुरळ्या केसांच्या बटेला बांधलेली, बटेला डोक्याच्या कातडीचा तुकडा चिकटलेला. ती नदी पुलाच्या पलीकडे ओहायोला मिळते. मी रविवारी तिच्या काठी बसून सँडविच खाते. जोतीरावांची अर्पणपत्रिका चुकली असं मला म्हणायचं नाही, तिने काय काय पेटवलं ते आपल्याला ठाऊक आहे. फक्त ती रिबीन वाचल्यापासून ती अर्पणपत्रिका मला पूर्वीसारखी सरळ वाचता येत नाही. घसा धरतो.

वाईला आमच्या घराच्या पडवीत दाराबाहेर भिंतीत एक देवळी होती. तिच्यात एक कप पालथा घातलेला असायचा. निळ्या नक्षीचा. महिन्या-दोन महिन्यांनी केरसुण्या विकायला एक बाई यायची, तिच्यासाठी. ती आली की आपणच तो कप घ्यायची, आज्जी चौकटीच्या आतून, हात उंच धरून, वरून चहा ओतायची. एक थेंबही सांडत नसे, इतका सराव. पिऊन झाला की ती बाई अंगणातल्या नळावर कप विसळायची, देवळीत पालथा घालायची आणि चार केरसुण्या ठेवून जायची. आज्जी प्रेमळ होती. तिच्या पोरांची चौकशी करायची, दिवाळीला लुगडं द्यायची. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा खेळताना त्या कपातून पाणी प्यायले आणि आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. का, ते सांगितलं नाही. त्या बाईचं नाव काय होतं ते मी आठवून पाहिलं. कुणी कधी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. 'केरसुणीवाली आली,' एवढंच. कादंबरीतल्या मेलेल्या पोरीलाही नाव नाही. थडग्यावर कोरलेला एक शब्द आहे, 'बिलव्हेड', इंग्रजीत सात अक्षरांचा, तो सेथने कोरक्याला दहा मिनिटं आपलं शरीर देऊन मिळवलेला. अजून दहा मिनिटं दिली असती तर आणखी एक शब्द मिळाला असता का, हा विचार तिला नंतर छळतो.

मला माहीत आहे, कप आणि चाबूक सारखे नाहीत. तरी पुस्तक संपवल्यावर डोळ्यांपुढे आला तो कप.

पुढच्या बैठकीला रहस्यकथा होती, त्यामुळे बाई खुशीत होत्या. रताळ्याचा 'पाय', म्हणजे इथला भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करून आणला होता, वर दालचिनी, आयसिंग अजिबात नाही. मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरली आणि म्हणाले, 'मला अजून उत्तर सापडलेलं नाही.' 'कशाचं?' त्या म्हणाल्या. त्यांना आठवतच नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, 'असं विचारलं मी? कॉफी वाईट असेल.' मी पायचा तुकडा खात होते. मग भीत भीत विचारलं, पणजीबद्दलची तीन वाक्यं कुठली? बाईंनी सुरी रुमालाला पुसली. 'एक, तिला मीठ फार लागायचं. दोन, पाऊस पडायला लागला की ती घरात थांबत नसे, अंगणात जाऊन उभी राहायची.' मी वाट बघितली. 'आणि तिसरं?' 'तिसरं घरातलं आहे,' त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा वाढला.

कादंबरीच्या शेवटी एक वाक्य दोन-तीनदा येतं आणि त्यातल्या 'पास ऑन' या दोन साध्या शब्दांना दोन तोंडं आहेत. ही गोष्ट पुढच्या पिढीकडे द्यायची नव्हती, असं एक. ही गोष्ट टाळून पुढे जायची नव्हती, असं दुसरं. मराठीत ती दोन्ही एका वाक्यात बसवायला मी किती वह्या खराब केल्या. 'पुढे टाकायची' करून बघितलं, तर पत्ते खेळल्यासारखं झालं. बाईंनी ते सुरी पुसता पुसता करून दाखवलं.

त्या रात्री मी आत्याला फोन केला. तिकडे सकाळ होती, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या. गुडघ्याचं झालं, कृष्णेला यंदा पाणी कसं ते झालं, शेजारच्या मुलीचं लग्न झालं. मग विचारलं, 'आत्या, पडवीतल्या देवळीत तो कप असायचा, त्याचं काय झालं गं पुढे?'

'कुठला कप?'

'केरसुणीवाल्या बाईंचा.'

'आपल्याकडे नव्हतं हो तसलं काही. तुझ्या आज्जीला सगळे सारखे. तू लहान होतीस, दुसऱ्या कुणाकडे बघितलं असशील.' मग तिने हळदीचा भाव सांगितला, आणि आंबेहळद पाठवू का विचारलं, आणि इकडे बर्फ पडायला लागला का विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. फोन ठेवायची वेळ झाली.

'निळी नक्षी होती त्याच्यावर,' मी म्हटलं.

'हिरवी,' आत्या म्हणाली. 'वेलबुट्टी. सुंदर कप होता तो. कान तुटला म्हणून बाहेर ठेवला, इतकंच.'